सयाजीचा नेम

केरबा मिस्त्रींनी रायफलीचं मॅगझिन काढून उजेडाकडं धरलं आणि मान न वळवता विचारलं, "कितव्या गोळीला अडकली?"

"पहिल्याच," यशराज म्हणाला.

"बरंच झालं की. दुसरीला अडकली असती तर तवर डुक्कर चिडून अंगावर आलं असतं."

यशराजला हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात तो चंदगडच्या रानात, वारलेल्या बापाच्या माळ्यावर राखणीला बसला होता. रानडुकरांचा कळप पिकलेल्या भातात शिरला. त्यानं बोल्ट पुढं ढकलला, गोळी तिरकी होऊन मध्येच रुतली आणि ती निघेपर्यंत अर्धं वावर आडवं झालं. सकाळी बांधावर जमलेल्यांनी शिव्या दिल्या नाहीत. "सयाजी असता तर..." एवढंच म्हणाले आणि पांगले. बापामागं आलेली राखण त्याच्याकडं ठेवायची की काढून घ्यायची, ते आता गावाच्या बैठकीत ठरणार होतं. म्हणून तो मोटरसायकलवर रायफल बांधून राजारामपुरीतल्या या गाळ्यात आला होता.

एक गोष्ट त्यानं गावाला सांगितली नव्हती. गोळी अडकली तेव्हा त्याला हायसं वाटलं होतं.

मॅगझिनच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळलेल्या असतात. गोळी धरून ठेवायची आणि नेमक्या वेळी सोडायची, हे त्यांचं काम. मिस्त्री त्यांना ओठ म्हणत. या मॅगझिनचे ओठ झिजून फाकले होते. रायफल विलायती, बनवणारा कारखाना कधीच बंद झालेला. नवं मॅगझिन मिळण्याची आशा नव्हती.

मिस्त्रींनी स्वतः घासून बनवलेला पोलादी ठोकळा आत सरकवला. मग एक पक्कड घेतली. तिचे जबडे त्यांनी कानशीनं असे गोल केले होते की पत्र्यावर ओरखडा उमटू नये. त्यांनी श्वास धरला आणि पक्कड दाबली. जोर असा दिसलाच नाही. ठोकळा काढून त्यांनी पितळेच्या खोट्या गोळ्या भरल्या, एकेक पुढं सरकवून पाहिली. तिसरी उसळली. पुन्हा ठोकळा, पुन्हा पक्कड. पत्रा केसभर हलला असेल नसेल, पण पुढच्या खेपेला पाचही गोळ्या लोण्यातून निघाव्यात तशा निघाल्या. यशराज टक लावून बघत राहिला. रात्रभर त्यानं जिच्याशी झुंज घेतली होती, ती वस्तू या हातात शहाणी झाली होती.

"लई वापरलीया," मिस्त्री म्हणाले.

"तीस वर्षं. तालुक्यात कुणालाबी विचारा सयाजीचा नेम. रात्री दोन बार व्हायचे. सकाळी रानात एक डुक्कर न्हाय."

"मेलेलं बी न्हाय?"

"आबा मारायचे न्हाईत. कानाजवळनं गोळी काढायची आणि हुसकून लावायचं. असा नेम." यशराजनं रायफलीकडं बोट केलं. "नळी बी बघा मिस्त्री. मला तसं जमंल असं वाटत न्हाय."

मिस्त्रींनी बोल्ट काढला, नळी खिडकीकडं रोखली आणि बराच वेळ डोळा लावला. मग भिंग घेऊन मॅगझिन पुन्हा पाहिलं.

"गोळ्या आणल्यात?"

यशराजनं रुमालाची गाठ सोडली. पाच गोळ्या, जुन्या दागिन्यासारख्या घासून गुळगुळीत झालेल्या.

"ह्या कधीच्या?"

"आबांच्याच. रोज संध्याकाळी भरायचे आणि सकाळी घरात शिरायच्या आधी काढायचे. घरात आम्ही पोरं. लई कडक माणूस. दिवाळीचे सुतळी बॉम्बसुदिक कुलपात ठेवायचे. आमच्या हातात नुसती फुलबाजी."

मिस्त्रींनी मॅगझिन त्याच्यासमोर धरलं. "पावणं, बोल्टनं गोळी ढकलली की हितं, मागल्या अंगाला चरा उठतो. हितं चरा एकच हाय आणि ताजा हाय. तो तुमचा. बाकी सगळी झीज अंगठ्याची. भरायचं आणि काढायचं."

"म्हंजे?"

"म्हंजे नळी कारखान्यातनं आली तशी हाय. तुमच्या आबांनी ह्या रायफलीतनं एक बी गोळी मारलेली न्हाय."

बाहेर कुणाची तरी रिक्षा भुर्रकन गेली. यशराजनं पाच गोळ्यांपैकी एक उचलली आणि पुन्हा रुमालात ठेवली.

"दोन बार तर सगळं गाव ऐकत होतं, मिस्त्री."

"गावाचं मला ठावं न्हाय. मी बंदुकीचं सांगतो." मिस्त्रींनी मॅगझिन रायफलीत बसवलं. ते खट् करून जागेवर गेलं. "तीस वर्षं भरून बसायचं आणि सकाळी तशीच काढायची. डुक्कर समोर असताना मला जमलं नसतं. ह्या गोळ्या मात्र आता जुन्या झाल्या. वापरू नका, जपून ठेवा."

रायफल कापडात गुंडाळून यशराज बाहेर आला. दिवाळी आठवड्यावर होती. कोपऱ्यावर फटाक्यांचा मांडव पडला होता. त्यानं मोटरसायकल तिथं लावली.

"काय देऊ, दादा?" मांडवातला माणूस म्हणाला. "भुईचक्र, पाऊस, पोरांसाठी टिकल्या?"

"सुतळी बॉम्ब. भात कापून होईपर्यंत पुरतील एवढे."

"आवाज कसला पाहिजे?"

"रायफलीसारखा," यशराज म्हणाला.