नाटकातली आई

"तुमच्या नाटकातली ही अम्मा रागावते मराठीत, लाड करते तेलुगूत आणि देवाशी भांडते हिंदीत. पुण्यातल्या प्रेक्षकांना काय कळणार? सगळं शुद्ध मराठीत आणा, नाहीतर मी हे नाटक बसवत नाही," दिग्दर्शक रेणुकाला म्हणाले.

रेणुकाचं हे पहिलंच नाटक, सोलापुरात विड्या वळून तिला वाढवणाऱ्या तिच्या अम्मावर लिहिलेलं. तिने मुकाट्याने सगळे संवाद बदलले.

पुण्यातल्या पहिल्या प्रयोगाला अम्मा पुढच्याच रांगेत बसली होती. शेवटी तिने पदराने डोळे पुसले, तेव्हा कुठे विंगेतल्या रेणुकाचा जीव भांड्यात पडला.

पडदा पडल्यावर अम्माने तिच्या गालावरून हात फिरवला.

"मस्त लिहिलीस की, बंगारम," ती म्हणाली. "लई सोसली बघ बिचारी. कोण गं ती बाई? इथली, पुण्याची का?"