दहावं गणित
चंडीगडच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला गणितासाठी टॅब मिळाले होते. लागोपाठ दहा उत्तरं बरोबर आली, की पुढची पातळी उघडायची. लष्करातल्या बाबांच्या बदलीमुळे नुकतीच आलेली मैत्रेयी दहाव्या गणिताला रोज चुकायची. तोंडी विचारलं, तर धडाधड सांगायची. चक्रावलेल्या वीणामॅमनी तिला बाजूला घेतलं. "जानबूझकर गलत करती हो क्या?" "मैं आगे गई तो हरलीन अकेली रह जाएगी. उसे दसवां आता नहीं." मॅमनी तिच्या मैत्रिणीला, तशीच दहाव्याला अडकणाऱ्या हरलीनला विचारलं, "सत्ताईस और पंद्रह?" "बयालीस!" "फिर टॅब पर गलत क्यों?" हरलीन कुजबुजली, "मैत्रेयी को आता नहीं, मॅम. बेचारी नई है." दहाव्या गणिताला मॅमनी दोघींना शेजारी बसवलं. "साथ में सही दबाना." दोन्ही टॅबवर पुढची पातळी उघडली. "तुझे आता था?" दोघी एकदम ओरडल्या.