उलटी गाठ

फौजदारानं रुमालात गुंडाळलेली सुरी टेबलावर ठेवली. म्हाताऱ्यानं भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. साठ सुऱ्यांच्या खुंट्यांपैकी कुठली रिकामी आहे, हे त्याला सकाळीच कळलं होतं.

"तुमचीच ना?"

"माझीच."

"तुमच्या जावयाला मारल्यावर कुणीतरी ही पुसली, तेल लावलं, म्यानात घातली, वर दोरी बांधली. दोन गाठी, दुसरी उलटी. असे लाड कोण करतं हो?"

म्हाताऱ्यानं आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ती गाठ त्याची स्वतःची. शिकवली होती फक्त लेकीला, ती दहा वर्षांची असताना. बायको तेव्हा शिवणयंत्रावर बसून दोघांची टर उडवायची. "माझ्या साठ सवती," म्हणायची. "एखादी भाजी चिरायला तरी द्या." तो द्यायचा नाही. वापरली की धार जाते. उभ्या आयुष्यात त्यानं त्या सुऱ्यांनी कागदापलीकडे काही कापलं नव्हतं.

लेक आतल्या खोलीत औषधाच्या गुंगीत पडली होती. ओठ फुटलेला, डोळा काळानिळा. अशी माहेरी यायची ही चौथी खेप. आधीच्या तिन्ही वेळा तो "बघू" म्हणाला होता आणि पाती पुसत बसला होता. आता त्याला स्वतःची लाज वाटत होती.

"पाणी आणतो," म्हणून तो स्वयंपाकघरात गेला. बायको पदरानं डोळे टिपत होती.

"पोरीनंच केलंय हो," ती हळूच म्हणाली. "काल संध्याकाळी हात धुताना पाहिलं मी तिला. आता तरी बाप व्हा."

एवढं पुरे होतं. पाणी न घेताच तो बाहेर आला.

"मीच मारलं त्याला," तो म्हणाला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं.

फौजदार दाराबाहेर जाऊन फोनवर गाडी मागवू लागला. म्हातारा चष्मा घ्यायला आत वळला.

बायको भिंतीपाशी उभी होती. तिनं न बघता हात वर करून एक सुरी काढली आणि लेकीसाठी सफरचंद सोललं. साल कुठेही न तुटता एकसलग उतरली. तिनं पातं पुसलं, त्यावरून तेलाचं बोट फिरवलं, सुरी म्यानात सरकवली. मग त्याच्या डोळ्यांत डोळे घालून दोरी घेतली. एक गाठ मारली. दुसरी उलटी.