लुकलुकणारा लाल दिवा

वाचनालयात वीजबचतीवर बोलायला आलेल्या बाई म्हणाल्या, "घरातलं एकूण एक बटण बंद करा आणि मग मीटर बघा. तरीही त्यावरचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर समजा, वीज कुठेतरी जातेय."

घरी आल्यावर, बायको आंघोळीला गेली तेव्हा, मी फ्रीजसकट सगळं बंद केलं. दिवा लुकलुकतच होता. आमच्या मीटरला लागूनच शेजारच्या शिंप्याचा मीटर आहे आणि त्याची मशिनं दिवसभर चालतात. तीस वर्षांचा स्नेह आमचा. माझ्याकडची पुस्तकं हौसेनं वाचायला नेणारा हा एकटाच. तोंडावर विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं, म्हणून आठवडाभर त्याची चाहूल लागली की मी झोपेचं सोंग घेत होतो. शेवटी वीज कंपनीकडे त्याच्याविरुद्ध तक्रार लिहिली, शुद्धलेखन तीनदा तपासलं आणि पाठवण्याआधी बायकोला दाखवली.

"अहो, हे काय भलतंच! भावोजी आणि वीजचोर?"

"काय ते मला ठाऊक नाही," मी पुटपुटलो, "पण कुठेतरी पाणी मुरतंय."

 

"मुरतंयच, तुमच्या पुस्तकांच्या कपाटामागच्या भिंतीत! तुम्ही हाय खाल म्हणून बोलले नाही. पुस्तकं सादळू नयेत म्हणून भावोजींनीच तिथे बल्ब लावून दिलाय, तो अष्टौप्रहर चालू असतो."