किडा पळाला

"सापडला! किडलेला दात सापडला!" मृण्मयी ओरडली, तसा दंतमहाविद्यालयाचा अख्खा वर्ग सावळारामकाकांच्या उघड्या तोंडाभोवती गोळा झाला. गोड खाल्लं की चूळ भरेपर्यंत गुदगुल्या करणारा लेप सगळ्यांच्या दातांवर आल्यापासून असा दात कुणी पाहिलाच नव्हता.

मृण्मयीनं भिंग लावलं. "सर, भोक आहे, पण किडा पळाला वाटतं!"

सर पोट धरून हसले. "अगं, किडा नसतोच! साखरेनं तोंडात आम्ल तयार होतं, ते दात पोखरतं. काका, दिवसभर गोड चहा ना? आणि लेप?"

"खरवडून काढला. ही गेल्यावर घरात एकटाच हसत बसायचो." काकांनी भोवतालचे उत्सुक चेहरे न्याहाळले. "दुसराही दात किडवतो. मग परत बोलवाल ना?"