जांभळाची सावली

१९८८ सालचा मार्गशीर्ष. साताऱ्यात कडाक्याची थंडी पडली होती. खालच्या मजल्यावर प्रमिलाच्या पोराचं नुकतंच बारसं झालं होतं. वरच्या मजल्यावरच्या थोरल्या जाऊबाईंनी गच्चीवर गल्लीतला पहिला सोलर बसवला होता.

घरातलं रॉकेल संपलं तेव्हा प्रमिला बादली घेऊन जिना चढली. "वहिनी, बाळाच्या आंघोळीपुरतं गरम पाणी द्या."

"सूर्य सगळ्यांचा आहे गं," जाऊबाई हसल्या, "टाकी आमची आहे."

प्रमिला रिकामी बादली घेऊन उतरली. पुढच्या पावसाळ्यात तिनं आपल्या वाटणीच्या अंगणात, बरोबर दक्षिणेला, जांभळाचं रोप लावलं. शेणखत घालून ते जपलं.

"हात चांगला आहे हो तुझा," जाऊबाई वरून कौतुक करायच्या.

झाड गच्चीच्या वर गेलं, तशी हिवाळ्यात सोलरच्या काचांवर दिवसभर सावली राहू लागली. मिस्त्री पाइप तपासून गेला. दुसरा आला, त्यानं नुसतं झाडाकडे बोट दाखवलं. मग जाऊबाई कठडा धरत खाली आल्या. "प्रमिला, फांद्या तरी छाट. गुडघे धरलेत, गार पाण्यानं जीव जातो."

"सावली सगळ्यांची आहे, वहिनी," प्रमिला शांतपणे म्हणाली, "झाड आमचं आहे."

जाऊबाई लेकाकडे पुण्याला गेल्या, तिथंच वारल्या. त्यांचा सोलर भंगारात गेला. प्रमिलाचं पोर कर्तं झालं. आईसाठी नवा सोलर बसवायचा म्हणून झाड काढू या म्हणतं. प्रमिला ऐकत नाही. जांभळाच्या वाळक्या काटक्यांवर बंब पेटवते आणि सावकाश आंघोळ करते.