दोन्ही नावांचा इसम एकच

वकीलबाईंचे हात लॅपटॉपवर थांबले. त्यांनी आधी समोरच्या म्हातारीच्या कपाळाकडे पाहिलं, मग तिच्या शेजारी बसलेल्या मुलाकडे.

“इथं विधवा लिहावं लागते, आजी,” त्या म्हणाल्या. “लिहू?”

गोजराबाईच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. जगदेवनं मान खाली घातली. लिहा, असं त्याला म्हणता आलं असतं, पण ते आईनं म्हणायला हवं होतं.

काम तसं लहान होतं. धनजच्या शाळेसमोर गावातल्या फौजी माणसांच्या नावांचा दगड बसणार होता. जगदेवच्या बापाचं नाव सैन्याच्या दप्तरात सालिकराम भोयर असं होतं. भरतीच्या वेळी कुण्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलं आणि तेच शेवटपर्यंत राहिलं. दगडावर तरी बापाचं खरं नाव यावं म्हणून जगदेवनं दुरुस्तीचा अर्ज केला. तिकडून पत्र आलं की पत्नीचं शपथपत्र जोडा. सालिकराम आणि शालिग्राम, दोन्ही नावांचा इसम एकच, असं तिनं लिहून द्यायचं होतं.

एकाहत्तरच्या लढाईत धनजला तार आली होती, ती सालिकराम भोयर मेल्याची. गोजराबाई तेव्हा अठरा वर्षांची होती आणि जगदेव पोटात होता. शाळेच्या मास्तरांनी तार वाचून सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या घरी सालिकराम कोणी नाही म्हणून तार परत केली. सासऱ्यानं समजावलं की पलटण तीच, नंबर तोच, गाव तेच. ती म्हणाली, नवऱ्याचं नाव बायकोच्या तोंडून निघत नाही. हे तर मी चारचौघांत घेतलं. मग हे त्यांचं कसं?

प्रेत आलंच नव्हतं. पुढं पेन्शनचे कागद आले, तेव्हा परक्याच्या मरणाचा पैसा घरात नको म्हणून तिनं अंगठा दिला नाही. ती निंदणाला गेली, दुसऱ्यांच्या वावरात राबली, पोराला वाढवलं, त्याचं लग्न केलं. हळदीकुंकवाला गावातल्या बाया तिला बोलवायच्या नाहीत, तरी ती कपाळ कोरं ठेवून कधी उंबऱ्याबाहेर पडली नाही. गावानं आधी समजावलं, मग हसून घेतलं, मग तिचा नाद सोडला.

आज ती आली होती जगदेवसाठी. गेल्या पितृपक्षात घरोघरी पितरांची पानं वाढली जात होती आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस भिंतीला टेकून नुसता बसला होता. मेलेल्याला जेवू घालता येते, तो आईला म्हणाला होता, जिवंत असला तर त्याची वाट पाहता येते. माझ्या बापाचं मी काय करू? मग सैन्याचं पत्र आलं आणि जगदेव ते घेऊन दोन दिवस तिच्याभोवती घुटमळत राहिला, तेव्हा तिसऱ्या दिवशी ती स्वतःच धुतलेलं लुगडं नेसून वाशीमच्या एसटीसाठी फाट्यावर जाऊन उभी राहिली.

“लिहा,” गोजराबाई म्हणाली.

वकीलबाईंनी मजकूर पुरा केला, कागद काढला आणि तिला सावकाश वाचून दाखवला. मग नवऱ्याचं खरं नाव तुमच्या तोंडानं सांगा, असं म्हणाल्या. जगदेव सांगायला लागला तसं त्यांनी त्याला हातानं थांबवलं. शपथ तिची होती.

कोर्टाच्या कुंपणाला लागून असलेल्या त्या टिनाच्या शेडमध्ये दुपारचं ऊन तापलं होतं. शेजारच्या टेबलावर बांधावरून दोन भाऊ भांडत होते. गोजराबाईनं पदर कपाळापर्यंत ओढला. वकीलबाई थांबून राहिल्या.

“शालिग्राम,” ती म्हणाली.

“आणि सालिकराम म्हणजे कोण?”

“तेच,” गोजराबाई म्हणाली. मग ती पुन्हा म्हणाली, “तेच होते.”

जगदेवनं बापाचं नाव आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. शाळेच्या दाखल्यावर, मतदार यादीत, सातबाऱ्यावर ते त्याच्या नावामागं कायम होतं. घरात मात्र ते कोणी उच्चारत नसे. आज काम झालं की आपल्याला मोकळं वाटेल, असं त्यानं धरलं होतं. तसं काही वाटलं नाही. आईचा अंगठा शाईवर टेकताना पाहून त्याला एकदम वाटलं, कागद ओढून घ्यावा. तोवर ठसा उमटला होता आणि वकीलबाई नोटरीचा शिक्का मारत होत्या.

बसस्टँडवर गावाकडं जाणारी कारंज्याची गाडी लागायला वेळ होता. त्यानं चहाचं विचारलं, तिला नको होता. पाणीही तिनं घेतलं नाही. मग घरी फोन लाव म्हणाली. जगदेवनं बायकोला फोन लावला आणि आईच्या हातात दिला. संध्याकाळच्या भाकरी किती टाकू, असं तिकडून सून विचारत होती.

“टाकू नोको,” गोजराबाई म्हणाली. “आज आपल्या घरी चूल पेटवू नोको. आन् शेजारी सांगून ये, जगदेवचे बाबा गेले म्हणून.”